पत्रिकेत 'आहेर आणू नये' लिहिलं असेल, तर खरंच रिकाम्या हाती जायचं का?

कपाशीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. पुढच्या रविवारी शेजारच्या घरी नातीचा पहिला वाढदिवस आहे. शेजारचं म्हणजे अगदी भिंतीला भिंत लागून. मुलगा-सून पुण्याला नोकरीत, पण कार्यक्रम गावातच करायचा म्हणून मांडव, बुंदी, वांग्याची भाजी, तीन-चारशे माणूस असा बेत आहे. पत्रिका व्हॉट्सअॅपवर आली. तिच्या खाली ठळक अक्षरात: 'आपली उपस्थिती हीच आमची भेट. कृपया आहेर व भेटवस्तू आणू नयेत.'

मला वाटलं, विषय संपला. जायचं, लेकराला आशीर्वाद द्यायचा, जेवायचं, परत यायचं. पण बाबांनी फळीवरून आहेराची वही काढली. त्यात ताईच्या लग्नाच्या पानावर या घराच्या नावापुढे लिहिलंय: १,१०० रुपये व स्टीलचा गुंड (पाण्याचा हंडा). त्यानंतर त्या घरात कार्यच झालं नाही. पोरानं लग्न पुण्याला रजिस्टर पद्धतीनं केलं, गावजेवणही दिलं नाही. म्हणजे बाबांच्या हिशेबानं तो आहेर अजून आमच्या डोक्यावर आहे आणि फेडायची ही पहिलीच संधी. आईचं तिसरंच. ती म्हणते, लेकराच्या घरी रिकाम्या हातानं जाऊच नये, पत्रिकेत काही का लिहिलं असेना.

मी म्हणतो, यजमानानं स्वच्छ शब्दांत नको म्हटलंय, मग देणं म्हणजे त्याचं न ऐकणं. बाबा म्हणतात, 'लिहाचं असते तसं, आनाचं असते आपून.' तुमच्याकडे काय करतात?

तर्री_पोहे

अबे भाऊ, एवढा इचार काहाले करून रायला? पाकीट खिशात ठेव. गेटवर वही दिसली तं दे, नाही दिसली तं घरी आन. झालं का नाही?

नेरची_लेक

तर्रीभाऊ, हा तोडगा पुरुषांना जमतो. तुम्ही मांडवात गेलात, हात जोडले, पंगतीत बसलात. बायकांना आत बोलावतात. पाळण्यापाशी सगळ्या गोल बसलेल्या असतात. एक जण झबलं-टोपडं काढते, दुसरी चांदीचे वाळे, तिसरी नोट बाळाच्या मुठीत सरकवते आणि मुठीतून पडलेली नोट आजी उचलून पदराला बांधते. तुम्ही तिथे नुसतं 'किती गोड आहे हो' म्हणून बसायचं. वरून निघताना यजमानीण हळदी-कुंकू लावून ब्लाऊज पीस हातात देते. आपण काही आणलं नाही आणि घेऊन मात्र निघालो, हे फार जड जातं.

तेव्हा धागाकर्त्यांच्या आईशी मी सहमत आहे. निदान औक्षणाच्या ताटात काहीतरी टाकावं. ती ओवाळणी, आहेर नव्हे.

मूळचा_पुसदचा

मी तो पुण्याचा मुलगा. म्हणजे तोच नव्हे, पण अगदी तसाच. दोन वर्षांपूर्वी मुलाचा पहिला वाढदिवस गावी केला आणि पत्रिकेत हीच ओळ छापली. ती का छापली ते सांगतो, कारण इथे सगळे पाहुण्यांच्या बाजूनं बोलताहेत.

पहिलं कारण साधं. ट्रॅव्हल्सच्या डिकीत तीन बॅगा मावतात. त्यात हातभर लांबीची प्लॅस्टिकची गाडी, दोन टेडी आणि पाच भिंतीवरची घड्याळं मावत नाहीत.

दुसरं, गावात असे लोक आहेत जे आहेराला पैसे नाहीत म्हणून कार्यालाच येत नाहीत. दुसऱ्या दिवशी भेटले की म्हणतात, वावरात काम निघालं होतं. मला ते लोक जेवायला हवे होते.

तिसरं कारण पत्रिकेत लिहिता येत नाही. मी तीनशे घरांचा आहेर घेतला, तर तीनशे घरांची लग्नं, बारशी, वास्तू माझ्या अंगावर येतात. मी पुण्यात. एप्रिल-मे मध्ये एकेका दिवशी गावात चार-चार लग्नं. मी जाणार नाही, बाबा जातील, बाबांनंतर कोण? फेडता येणार नाही ते घेऊ नये, एवढाच माझा विचार होता. लोकांना वाटलं, पोरगा पुण्याला गेला आणि साहेब झाला.

वऱ्हाडी_बाप्या

पुसदकर, तुमचं तिसरं कारण आवडलं, कारण ते खरं आहे. पण त्याची दुसरी बाजू ऐका. तुम्ही घेणार नाही म्हणजे तुम्ही या फेऱ्यातून बाहेर पडलात. ठीक. पण तुमच्या वडिलांनी तीस वर्षं जे दिलंय त्याचं काय? ते लोकांवर आहे. त्यांना ते फेडायचंय आणि तुम्ही दार लावून घेतलं. सावकारानं कर्ज माफ केलं तर माणूस खूश होतो. शेजाऱ्यानं आहेर माफ केला तर माणूस खाली मान घालून चालतो. फरक आहे.

गावातला आहेर ही हौस नसते. आमच्या भागात कापूस विकून पैसा येतो तो साधारण डिसेंबर ते मार्च. जूनमध्ये बियाणं-खत. मधल्या दोन-अडीच महिन्यांत लग्नं. ज्याच्या घरी कार्य आहे त्याच्याकडे त्याच वेळी गावभरातून थोडे थोडे पैसे येतात आणि किराण्याची, मांडववाल्याची, आचाऱ्याची उधारी त्यातून निघते. पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या घरी. बिनव्याजी भिशीच आहे ही, फक्त नंबर कधी लागेल ते पोरीचं लग्न ठरवतं. वही ठेवतात ती याचसाठी. लोक वहीला हसतात, पण बँकेनं दारात उभं न केलेल्या माणसाच्या पोरीचं लग्न याच वहीवर पार पडलेलं मी पाहिलंय.

हिशेबनीस

बाप्या, भिशीची उपमा बरोबर, पण भिशीत कुणी जास्तीचं टाकत नाही. आहेरात १,१०० ला १,५०० फेडावे लागतात, नाहीतर 'जेवढ्यास तेवढं केलं' म्हणून नाव ठेवतात. हे वाढतच जातं.

बाकी कायद्याचं थोडं, कारण लोकांना माहीत नसतं. लग्नात वधू-वरांना मिळालेल्या भेटींवर आयकर नाही, कुणीही दिलेल्या असोत. वाढदिवस, वास्तुपूजन यांना ती सवलत नाही. तिथे नातेवाईकांकडून आलेलं करमुक्त, पण बाहेरच्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांच्या वर गेलं तर सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. आणि 'नातेवाईक' कोण याची कायद्यात यादी आहे. काका, मामा, आत्या, मावशी बसतात. चुलतभाऊ, मावसभाऊ बसत नाहीत. लेकराच्या नावानं आलेलं आई-बापाच्या उत्पन्नात जातं.

लग्नाच्या बाबतीत आणखी एक. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली १९८५ साली नियम झाले. त्यानुसार वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूनं आणि वराला मिळालेल्यांची वरानं ठेवायची असते: वस्तू काय, अंदाजे किंमत किती, कुणी दिली, नातं काय, आणि खाली सही. आपली आहेराची वही म्हणजे जवळपास तीच यादी, फक्त सही नसते.

तर्री_पोहे

हिशेबनीस साहेब, आमच्या गावात ५०,००० चा आहेर आला तं आयकरवाल्याइलेच पंगतीत बसवू आमी.

ज्वारीची_भाकर

अवांतर: टॉवेल-टोपी कोण बंद करणार आहे का? माझ्या सासऱ्यांच्या पेटीत टॉवेलांची थप्पी आहे. अंग पुसायला घ्यावा तर पाणी टिपत नाही, फडकं करावं तर इतका पातळ की भांडं वरूनच दिसतं. तो फक्त एका घरातून दुसऱ्या घरात जाण्यासाठी विणलेला असतो. मागच्या उन्हाळ्यात एका टॉवेलावर मी कोपऱ्यात निळ्या धाग्यानं एक टाका घातला होता. दिवाळीनंतर जावेच्या भावाच्या साखरपुड्यात तोच टाका आमच्या यजमानांच्या खांद्यावर परत आला.

नेरची_लेक

ज्वारीची_भाकर, हे वाचून चहा सांडला! ब्लाऊज पीसचंही तसंच. आता तर इतका छोटा तुकडा येतो, की त्यात कुणाचंच ब्लाऊज होत नाही.

रिटायर्ड_मास्तर

चर्चा वाचली. एक जुनी गोष्ट आठवली, ती इथे चपखल बसते.

गाडगेबाबा आपल्याच मुलखातले. १८७६ साली शेंडगावला जन्म, अंजनगाव सुर्जी तालुका. पुढे मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आजोळी राहिले. त्यांच्या पहिल्या मुलीच्या बारशाला भाऊबंदांना दारू आणि मटण द्यायचं, अशी रीत होती. त्यांनी ते दिलं नाही, गोडाचं जेवण दिलं. भाऊबंद चिडले. ज्यांनी आपापल्या घरी दारू-मटण घातलं होतं, त्यांना वाटलं आम्ही केलं आणि आमच्या वेळी हा मागे सरकला. तेव्हाही प्रश्न लेकराच्या कार्याचा होता आणि तेव्हाही नवी रीत घालणाऱ्यालाच बोल लागला. पुढे आयुष्यभर बाबा कीर्तनात सांगत राहिले की कर्ज काढून सण-लग्नं करू नका.

त्याआधी जोतिरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटजीशिवाय, थोडक्या खर्चात लग्नं लावायला सुरुवात केली. वऱ्हाडात ती लाट नंतर चांगलीच पोचली. माझ्या आजोबांचं लग्न त्याच पद्धतीचं. आहेर घ्यायचा नाही असं तेव्हा ठरवलेलं होतं, असं घरात सांगतात.

माझं मत: पत्रिकेत 'नको' लिहिणारा माणूस शहाणपणा शिकवत नसतो, तो स्वतःपुरती एक रीत मोडत असतो. त्याला ती मोडू द्यावी. तुम्ही जबरदस्तीनं पाकीट खिशात कोंबलं की पुढच्या वेळी तो ती ओळ छापणार नाही. आणि त्याच्यामागे जे चार जण छापायच्या विचारात होते, तेही छापणार नाहीत.

सुगरणबाई

मास्तर, नमस्कार. पटलं, पण एका अटीवर. नको तर कुणाचंच नको.

आमच्या गावात एका मोठ्या घरी वास्तू होती. पत्रिकेत आहेर नको लिहिलेलं. त्यांच्या वावरात निंदायला जाणारी एक बाई आली. धुतलेलं लुगडं, हातात ५१ रुपयांचं पाकीट, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. ही पाकिटं किराणा दुकानात मिळतात ना, लाल-पिवळी, तसलं. तिनं ते मालकिणीपुढे धरलं. मालकीण म्हणाली, 'अगं कशाला, आम्ही घेत नाही,' आणि तिचा हात मागे केला. बोलण्यात काही वाकडं नव्हतं. पण तेवढ्यात मालकिणीची वहिनी आली आणि चांदीची समई तिच्या हातात दिली. ती घेतली. घेतलीच नाही, तर सगळ्यांना दाखवली.

त्या बाईनं पाकीट कमरेला खोचलं आणि न जेवता गेली. पुढे महिनाभर त्यांच्या वावरात आली नाही. मालकीण मला विचारते, तिला काय झालं गं?

कपाशीवाला

सुगरणबाई, हे मी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. आई म्हणाली, पाहा, म्हणूनच न्यावं. बाबा म्हणाले, पाहा, म्हणूनच घ्यावं. मी म्हणालो, पाहा, म्हणूनच कुणीच आणू नये. एकाच प्रतिसादावर तिघांचे तीन निकाल!

साधा_शासकीय

मी महसूल खात्यात आहे, गाव सांगत नाही. एक बाजू राहिली म्हणून लिहितो. आमच्या पत्रिकेवर ती ओळ असते तेव्हा ती हौसेनं नसते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ चे आहेत, त्यात भेटी घेण्यावर बंधनं आहेत. लग्नकार्यात जवळच्या नातेवाइकांकडून रीतीप्रमाणे घेता येतं, पण ठरावीक रकमेवर गेलं तर कळवावं लागतं. ज्याचं काम आपल्या टेबलावर पडलेलं आहे त्याच्याकडून घेणं तर फारच धोक्याचं.

माझ्या मुलीच्या लग्नात एक शेतकरी कूलरच घेऊन आला. त्याच्या फेरफाराची नोंद माझ्याकडे होती. मी हात जोडले. तो म्हणतो, साहेब, पोरीले हाय, तुमाले थोडीच हाय. कूलर परत न्यायला त्याच्याकडे गाडी नव्हती. शेवटी माझ्या भाच्यानं टेम्पोत घालून त्याच्या घरी पोचवला. वरातीपेक्षा ती वरात जास्त लोकांनी पाहिली.

तेव्हा मंडळी, तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांच्या पत्रिकेवर 'नको' असेल तर ते 'नको'च समजा. प्रेमापोटी त्यांना अडचणीत आणू नका.

मूळचा_पुसदचा

सुगरणबाईंच्या प्रसंगावरून सांगतो. आम्ही काय केलं होतं, तर ज्यांनी आणलंच त्यांचं परत करताना भांडलो नाही. माझी आई दारातच उभी होती. कुणी पाकीट काढलं की ती त्यातला वरचा एक रुपया काढून घ्यायची, कपाळाला लावायची आणि बाकीचं पाकीट त्यांच्याच हातात मुडपून द्यायची. 'घेतलं बरं का, पावलं.' सासरकडच्यांनाही तसंच, मजुरालाही तसंच. सासरे दोन दिवस गप्प होते, पण पुढे काही बोलले नाहीत.

नेरची_लेक

पुसदकर, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. हे मी उचललं.

वऱ्हाडी_बाप्या

एक रुपयाची युक्ती चांगली आहे. मास्तरांचंही मान्य करतो, पण अर्धं. जिथे देणारा-घेणारा बरोबरीचे आहेत तिथे 'नको' ऐकावं. जिथे देणाऱ्यावर आधीचं देणं आहे, तिथे मांडवात नाही पण दुसऱ्या वाटेनं फेडू द्यावं. पूर्वी आहेर म्हणजे पाकीट कुठे होतं? कार्य असलं की कुणी पायलीभर तूर आणून टाकायचं, कुणी मठ्ठ्याला दही. कुणी बैलबंडीनं सरपण आणायचं. आदल्या रात्री बाया वांगी चिरायला, लसूण सोलायला बसायच्या. ते वहीत लिहिलं जायचं नाही, पण सगळ्यांच्या ध्यानात राहायचं. आता केटरर आला आणि काम करायचं काही उरलंच नाही, म्हणून सगळं पाकिटावर आलं.

कपाशीवाले, तुमची भिंत लागून आहे ना? पाण्याचा टँकर तुमच्याकडून सांगा. पाहुण्यांच्या गाड्या तुमच्या वाड्यात लावू द्या. दोन खोल्या झोपायला मोकळ्या करा. १,१०० आणि गुंड, दोन्ही फिटले.

तर्री_पोहे

अन् गुंड कुठी हाय आता? वापरून रायले का नुसताच माळ्यावर ठेवला?

कपाशीवाला

वापरात आहे. त्यावर मशीननं कोरलेलं 'सप्रेम भेट' आणि त्यांचं नाव अजून वाचता येतं. आई रोज त्यातलंच पाणी काढते, म्हणूनच तिला जास्त आठवण राहते!

अंबानगरी

मला या चर्चेत एक खटकतंय. सगळे देण्याबद्दल बोलताहेत, लेकराबद्दल कुणीच नाही. वर्षाची पोर. तिला आहेराशी काय घेणं? तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडाचे नंदी घेऊन दारोदार फिरतात, बोजारा म्हणजे खाऊचे पैसे मागतात. तिथे कधी कुणी म्हणालं का की आम्ही बोजारा देत नाही, तुमची उपस्थिती हीच भेट? लेकराच्या हातात काहीतरी ठेवणं हे आपल्याकडे जेवढं सहज आहे तेवढंच राहू द्या ना. दहा रुपयांची नोट, एक बिस्किटाचा पुडा. त्याला आहेर म्हणून कशाला मोजता?

हिशेबनीस

अंबानगरी, कारण दहाची नोट दहाची राहत नाही. एकानं दहा दिले की दुसरा पन्नास देतो, तिसरा पाचशे. बोजाऱ्याला कुणी वही ठेवत नाही म्हणून तो दहाचाच राहिला.

रिटायर्ड_मास्तर

हिशेबनीस, हे बोललात ते अगदी बरोबर.

कपाशीवाला

कार्यक्रम झाला, म्हणून कळवतो.

बाप्यांचं ऐकून आम्ही वाडा दिला, गाड्या लावून घेतल्या, दोन खोल्या दिल्या. बाबा तेवढ्यावर राजी झाले, असं मला वाटलं. मांडवाच्या दारात फलक होता, 'आहेर स्वीकारला जाणार नाही.' मुलगा स्वतः दारात उभा, हात जोडून प्रत्येकाला तेच सांगत होता. वही नाही, टेबल नाही. मी खूश.

जेवण झाल्यावर हात धुवायला मागच्या अंगाला गेलो. तिथे पाण्याच्या टाकीजवळ, निंबाच्या सावलीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मुलाचे वडील बसलेले. बंडीचा खिसा फुगलेला. समोर तीन म्हातारे रांगेत. एक जण पाकीट देतो, आजोबा नाव मोठ्यानं म्हणतात, बाजूला त्यांचा पुतण्या शाळेच्या शंभरपानी वहीत लिहून घेतोय. रांगेत तिसरे आमचे बाबा.

मला पाहून बाबा काहीच बोलले नाहीत. आजोबा म्हणाले, 'पत्रिका पोराची हाय. गाव माह्यं हाय.'

तर्री_पोहे

आजोबाइले माह्याकडून दंडवत!!

मूळचा_पुसदचा

हे वाचून हसू आलं आणि रागही आला. त्या मुलाला कळलं का?

कपाशीवाला

रात्री कळलं. बाप-लेकाचं वाजलं, भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. मुलगा म्हणत होता, मी चारशे लोकांसमोर खोटा पडलो. आजोबा म्हणत होते, तू उद्या पुण्याले जाशील, मले इथं मयतीपासून तेरवीपर्यंत याच लोकाइची गरज पडते. दोघांचंही मला पटत होतं, त्यामुळे मी पंखा वाढवून झोपलो.

सुगरणबाई

आजोबांचं एकच चुकलं. ज्यांना टाकीपाशी कुणी बोलावलं नाही, त्यांचं काय? जवळच्यांचा आहेर मागच्या दारानं घेतला आणि बाकीचे फलक वाचून गेले. उद्या गावात बातमी फुटली की फलक वाचून गेलेल्या प्रत्येकाला वाटेल, आपल्याला वगळलं. माझ्या त्या निंदणाऱ्या बाईसारखंच.

वऱ्हाडी_बाप्या

बाई, तिथे मी हरलो. तुमचं खरं आहे.

पण कार्य करणाऱ्यांनी यातून एक घ्यावं. ओळ छापण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला. गावात निमंत्रण जातं ते आजोबांच्या नावानं, पोराच्या नावानं नाही. आजोबांना मान्य नसेल तर ती ओळ छापूच नका. मान्य असेल तर नुसतं छापून भागत नाही. माईकवरून एकदा आजोबांच्याच तोंडून सांगायला लावा की आम्ही कुणाचाच घेत नाही, व्याह्यांचासुद्धा नाही. आणि ज्यांनी आणलंच, त्यांच्यासाठी पुसदकरांच्या आईचा एक रुपया.

ज्वारीची_भाकर

आणि टॉवेल?

वऱ्हाडी_बाप्या

टॉवेल तर त्याआधीच बंद.

अंबानगरी

ओळ नक्की कशी लिहावी? 'उपस्थिती हीच भेट' हे सगळेच छापतात, त्यामुळे कुणी खरं मानत नाही. मेमध्ये आमच्याकडे वास्तू आहे.

साधा_शासकीय

आमच्या पत्रिकेत असं होतं: 'आम्ही कोणाकडूनही आहेर, पाकीट किंवा वस्तू घेणार नाही. आणल्यास परत करू, राग मानू नये. जेवून मात्र जावे.' 'कोणाकडूनही' हा शब्द ठळक करा. खाली घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाचं नाव घाला.

अंबानगरी

छान आहे, हेच उचलते. फक्त आमच्याकडे थोरलं माणूस म्हणजे आत्याबाई. वय ८४. आहेराची वही त्यांच्याच उशाखाली असते. त्यांना कोण सांगणार?

तर्री_पोहे

तुमीच सांगा ताई. आमी पंगतीले येतो.